करारानंतरचा रिंकू

रिंकू सिंग म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो अलिगढचा डावखुरा फलंदाज. ९ एप्रिल २०२३ रोजी अहमदाबादेत त्यानं शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारले, कोलकात्याला हातचा गेलेला सामना जिंकून दिला आणि एका रात्रीत तो घराघरांत पोचला. त्याच्या जवळपास चौदा वर्षं आधी उत्तर प्रदेशातलाच आणखी एक डावखुरा रिंकू सिंग फ्लोरिडातल्या रणरणत्या उन्हात, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल क्लबच्या सर्वांत खालच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून मैदानात उतरला होता. तो भदोहीचा. वडील ट्रकचालक, घरात नऊ भावंडं. तो आणि वाराणसीजवळच्या खेड्यातला त्याचा सोबती दिनेश पटेल हे अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेले पहिले भारतीय नागरिक.

या दुसऱ्या रिंकूची गोष्ट आपल्याकडे ठाऊक आहे, पण निम्मीच. २०१४ साली डिस्नेनं ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट काढला. सूरज शर्मानं रिंकूची, मधुर मित्तलनं दिनेशची भूमिका केली, संगीत ए. आर. रहमानचं होतं. मुलं भारतातून येतात, हेटाळणी सोसतात, शेवटी करार मिळवतात आणि पडदा पडतो. खरा खेळाडू मात्र करारावर सही झाल्यानंतर सुरू होतो. चित्रपट पडद्यावर आला त्या मे महिन्यात रिंकू कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, आणि त्याच्याकडे बघायला कोणाला फारशी फुरसत नव्हती. भारतीय क्रीडाविश्वानं या माणसावर अन्याय केला आहे. त्याची टिंगल झाली असं नाही. आधी त्याचं कौतुक झालं, मग त्याला विसरून जाण्यात आलं, आणि त्याच्याकडे जे ज्ञान होतं ते कोणी मागितलंच नाही. अन्याय तो हा.

सुरुवात २००८ची. जे. बी. बर्नस्टीन हा अमेरिकी क्रीडा-व्यवस्थापक आणि त्याच्या भागीदारांनी भारतात एक स्पर्धा भरवली. वेगात आणि नेमका चेंडू टाकणारा हात शोधायचा, असा तिचा हेतू. ३७,००० हून अधिक तरुण त्यात उतरले. आयोजकांची नजर क्रिकेटकडे होती. इतके वेगवान गोलंदाज असलेल्या देशात पिचर सापडणारच, असा त्यांचा हिशेब. पण जिंकले ते भालाफेकपटू. रिंकू आणि दिनेश दोघेही लखनौच्या गुरु गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजचे. रिंकूनं ताशी ८७ मैलांनी, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरच्या वेगानं चेंडू टाकून १ लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. दिनेशचा वेग त्याहून जास्त होता, अचूकता कमी.

हा निकाल आश्चर्याचा वाटला, तरी त्यामागे साधं शास्त्र आहे. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि हात ताठ ठेवतो. कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर चेंडू अवैध ठरतो. पिचरला धाव घेता येत नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहून, एक पाय उचलून, साठ फूट सहा इंचांवरच्या होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत, चेंडू फेकायचा असतो आणि त्याची सगळी ताकद खांद्याच्या पिळातून व कोपराच्या झटक्यातून येते. भालाफेकीत शरीर हेच शिकतं. म्हणजे जन्मभर क्रिकेट खेळलेल्या मुलांपेक्षा क्रिकेटच्या बाहेर राहिलेली ही दोन मुलं या खेळाच्या जास्त जवळ होती.

जवळ होती, पण तयार नव्हती. त्यांनी हातात कधी बेसबॉलचा ग्लव्ह घातला नव्हता. कॅलिफोर्नियात त्यांना शिकवायला टॉम हाउस होता. स्वतः मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, पिचर म्हणून खेळलेला, आणि ८ एप्रिल १९७४च्या रात्री हँक आरनचा विक्रमी ७१५वा होमरन बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरच्या सरावाच्या जागेत, उभं राहून झेलणारा हा माणूस. पुढे त्यानं नोलन रायनसारख्या दिग्गजाला मार्गदर्शन केलं. त्याच्या हाताखाली दोघांनी काही महिन्यांत जे शिकायचं होतं ते अमेरिकी मुलं सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकत येतात. शिवणीवर बोटं कशी ठेवायची, वेगवान चेंडूच्याच हालचालीत संथ चेंडू कसा लपवायचा, पहिल्या बेसवरच्या धावपटूवर नजर कशी ठेवायची, बंट केलेला चेंडू उचलून कुठे फेकायचा. नोव्हेंबर २००८ मध्ये ॲरिझोनात त्यांची चाचणी झाली आणि २४ नोव्हेंबरला पायरेट्सनं दोघांशी करार केला.

चित्रपट इथे संपतो.

इथून पुढे काय असतं हे कळायला मायनर लीग म्हणजे काय ते पाहावं लागेल. त्या काळात प्रत्येक मेजर लीग क्लबच्या हाताखाली नवशिक्यांपासून ट्रिपल-ए पर्यंत सहा पायऱ्यांवर संघ असायचे. २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५० फेऱ्या होत्या; ३० क्लब मिळून एका वर्षात दीड हजारच्या आसपास खेळाडू निवडत. शिवाय डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलाहून सोळा-सतरा वर्षांची मुलं करारावर यायची ती वेगळीच. वर मात्र तेव्हा प्रत्येक संघात जागा पंचवीस. म्हणजे मायनर लीगमध्ये उतरणाऱ्या बहुतेकांचा प्रवास मधल्याच कुठल्यातरी पायरीवर संपणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. तरी ते रोज खेळतात. रात्रभर बसनं प्रवास, सकाळी व्यायाम, संध्याकाळी सामना. २०२० पर्यंत खालच्या स्तरांवर किमान वेतन आठवड्याला २९० डॉलर होतं आणि तेही फक्त हंगामापुरतं. हिवाळ्यात बरेच जण दुकानात, गोदामात काम करत. खेळाडूंनी २०२२ मध्ये संघटना उभारली आणि २०२३च्या करारात नवशिक्यांच्या स्तरावर वर्षाला १९,८०० डॉलरपर्यंत वाढ मिळवली. ती रिंकूच्या वाट्याला आली नाही.

या जगात रिंकू उतरला आणि टिकला. १३ जुलै २००९ रोजी अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा पिचर म्हणून नोंद झालेला तो पहिला भारतीय नागरिक ठरला. दिनेशचा हात जास्त वेगवान असला तरी दुसऱ्या हंगामात त्याची लय बिघडली आणि डिसेंबर २०१० मध्ये क्लबनं त्याला मोकळं केलं. रिंकू पुढच्या पायरीवर गेला, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज स्पाइक्सकडे, आणि तिथून वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडे. पॉवर हा पूर्ण हंगाम खेळणाऱ्या लीगमधला संघ. इथे समोर येणारे फलंदाज पाळण्यातून उतरल्यापासून बॅट धरलेले. २०१२चा हंगाम त्याचा सर्वांत चांगला: ३९ सामने, ७२ डाव, आणि दर नऊ डावांमागे सरासरी फक्त तीन धावा. त्याच संघातून त्या वर्षी ग्रेगरी पोलान्को खेळत होता, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आणि दोन वर्षांनी तो पिट्सबर्गच्या मेजर लीग संघात गेला. अशा खेळाडूंच्या बरोबरीनं चार वर्षांपूर्वी ग्लव्हसुद्धा न पाहिलेला भदोहीचा मुलगा खेळत होता.

ही कामगिरी किती मोठी आहे हे आपल्याकडे कोणी नीट सांगितलं नाही. ‘मेजर लीगपर्यंत पोचला नाही’ या एका वाक्यात तिची वासलात लावली जाते. ही मोजपट्टीच चुकीची आहे. विशीतल्या तरुणानं परका देश, परकी भाषा आणि पूर्णपणे नवा खेळ स्वीकारून, ज्या व्यवस्थेत हजारो जण गळतात तिच्यात दरवर्षी वर सरकत राहावं, याला अपयश म्हणता येणार नाही. रणजी करंडक खेळलेल्या पण भारतीय संघात न आलेल्या खेळाडूला महाराष्ट्र अपयशी म्हणत नाही. पुण्या-मुंबईच्या क्लबांत अशा माणसांना मान असतो, मुलं त्यांच्याकडे शिकायला जातात. मग इथेच वेगळा न्याय का?

अमेरिकेतला हंगाम संपला की रिंकू घरी बसत नव्हता. २०१०च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात नव्यानं बेसबॉल लीग सुरू झाली, मेजर लीग आणि तिथल्या महासंघाच्या भागीदारीत. त्यात तो कॅनबेरा कॅव्हलरी संघाकडून खेळला. उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हा दक्षिणेत उन्हाळा, त्यामुळे अमेरिकी क्लब आपले तरुण पिचर तिकडे पाठवतात. त्या मैदानांवर कोरियन, जपानी, तैवानी आणि ऑस्ट्रेलियन खेळाडू एकत्र असतात. भारताचा एक खेळाडू त्यांच्यात बसून या खेळाचं आंतरराष्ट्रीय रूप आतून पाहत होता.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवं, कारण ‘आपण क्रिकेटवेडे, आपल्याकडे बेसबॉल कसा रुजणार’ या युक्तिवादाला तिथेच उत्तर आहे. क्रिकेटवेडेपणात तो देश कोणाला हार जाणारा नाही. तरी तिथे राज्याराज्यांमधली क्लॅक्स्टन शील्ड ही बेसबॉल स्पर्धा १९३४ पासून आहे. म्हणून तिथला एखादा मुलगा अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये गेला, तर त्याला परत यायला जागा असते. क्रिस ऑक्सप्रिंग घ्या. क्वीन्सलँडचा हा उजव्या हाताचा पिचर २००० साली अमेरिकेतल्या एका स्वतंत्र, म्हणजे कुठल्याही मेजर क्लबशी संलग्न नसलेल्या लीगमध्ये खेळायला लागला. पुढे सॅन डिएगो पाद्रेसच्या खालच्या संघांत आला. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो मायनर लीगचाच पिचर होता. उपांत्य फेरीत समोर जपान, संपूर्ण व्यावसायिकांचा संघ, आणि जपानच्या बाजूनं चेंडू टाकत होता दाइसुके मात्सुझाका. ऑक्सप्रिंगनं सहा डावांहून अधिक काळ जपानला एकही धाव करू दिली नाही. ऑस्ट्रेलियानं तो सामना १-० असा जिंकला आणि रौप्यपदक घेऊन संघ घरी गेला.

मेजर लीगमध्ये ऑक्सप्रिंगला मिळाले एकूण पाच सामने. त्यानंतर तो जपानमध्ये हान्शिन टायगर्सकडून खेळला, कोरियात तीन वेगवेगळ्या क्लबांकडून खेळला आणि ऑस्ट्रेलियाच्या जर्सीतही पुन्हा दिसला. अशी कितीतरी माणसं त्या देशाकडे आहेत. मिलवॉकीकडून मेजर लीग गाजवलेला डेव्ह निल्सन राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २०२३च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेत, त्याच्या संघानं टोकियोत कोरियाला ८-७ असं हरवून पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली. अमेरिकेतून परतलेल्या माणसांचं शिक्षण तिथे वाया जात नाही. ते क्लबच्या शनिवारच्या सरावात उतरतं आणि वीस वर्षांनी राष्ट्रीय संघात दिसतं.

रिंकूला असं काही नव्हतं. २०१२ नंतर त्याचा हात गेला. कोपरातल्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो तेव्हा शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे बसवतात. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन या पिचरचं नाव आहे, डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये ती पहिल्यांदा त्याच्यावर केली. जॉन परत आला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्यानं आणखी १६४ सामने जिंकले. प्रत्येकाच्या नशिबी तसं नसतं. सावरायलाच वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेवढ्यात मागून नवी मुलं येऊन उभी राहतात. रिंकू फ्लोरिडात पायरेट्सच्या केंद्रावर महिनोन् महिने व्यायाम करत राहिला. त्याला पूर्वीचा हात परत मिळाला नाही.

फेकणाऱ्याच्या कोपराची किंमत काय असते हे आपण आपल्याच देशात पाहिलं आहे. मे २०१९ मध्ये नीरज चोप्राच्या कोपरावर मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर नीरजच्या मागे डॉक्टर होते, फिजिओ होते, परदेशी प्रशिक्षक होता, महासंघ होता, सरकारचा निधी होता. जानेवारी २०२० मध्ये तो ऑलिम्पिकला पात्र ठरला आणि ७ ऑगस्ट २०२१ला टोकियोत त्यानं सुवर्णपदक जिंकलं. नीरजची जिद्द असामान्य आहे, यात वाद नाही. पण जिद्दीला आधार देणारी माणसं आणि पैसा जागेवर होता हेही तितकंच खरं. रिंकू नीरजच्याच प्रकारातून आलेला. त्याला अमेरिकी क्लबनं उपचार दिले आणि उपयोग संपल्यावर सोडलं. क्लबनं व्यवहार पाळला, त्याला दोष देता येत नाही. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. त्या क्षणी भारतातून त्याला कोणी ‘ये, आमची मुलं घडव’ असं म्हटलं का?

२०१८ च्या जानेवारीत तो डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्तीच्या कंपनीत दाखल झाला. २०२२ मध्ये कपाळी गंध आणि गळ्यात रुद्राक्षांच्या माळा घातलेला ‘वीर महान’ भारतातल्या लाखो मुलांनी मोबाइलवर पाहिला. त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं की या माणसानं दहा वर्षांपूर्वी अमेरिकी फलंदाजांना ७२ डाव चेंडू टाकले आहेत? २०२४ मध्ये तोही अध्याय संपला. ज्या दोन संघांतून तो वर चढला त्यांचीही अवस्था दरम्यान बदलली. २०२१ पासून मेजर लीगनं संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले, आणि कात्री लागलेल्यांत स्टेट कॉलेज आणि वेस्ट व्हर्जिनिया दोन्ही होते. रिंकू ज्या पायऱ्या चढला त्यांतल्या काही आता उरलेल्याच नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी पाच खेळांना मान्यता मिळाली. १२८ वर्षांनी क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतणार म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या वृत्तपत्रांनी पानं सजवली, आणि ते योग्यच होतं. त्याच ठरावात बेसबॉल-सॉफ्टबॉलही होतं. तो निर्णय मुंबईत झाला, पण मुंबईत त्याची बातमी मधल्या रकान्यात राहिली. त्याच वर्षी दुबईत बेसबॉल युनायटेड नावाची व्यावसायिक लीग उभी राहिली आणि तिच्या संघांपैकी एकाचं नाव आहे ‘मुंबई कोब्राज’. दुसरा कराचीचा. म्हणजे मुंबईच्या नावानं बेसबॉलचा व्यावसायिक संघ आहे, फक्त तो मुंबईत खेळत नाही.

पाकिस्तानचा उल्लेख निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. क्रिकेटचं वेड तिथे आपल्याइतकंच आहे, पैसा आपल्यापेक्षा कितीतरी कमी. तरी सप्टेंबर २०१६ मध्ये पाकिस्तानचा संघ वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची पात्रता फेरी खेळायला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेला. तिथे तो मोठ्या फरकानं हरला. पण गेला, आणि पुढच्या वेळीही गेला. भारत आजवर एकदाही त्या पात्रता फेरीत उतरलेला नाही. ज्या देशाकडे मायनर लीगमध्ये चार हंगाम काढलेला पिचर होता, त्या देशाची ही नोंद आहे.

कोणी म्हणेल, कबड्डी-खोखोला, कुस्तीच्या तालमींना पैसा पुरत नाही, त्यात बेसबॉलचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण इथे कोटींची मैदानं कोणी मागत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आधीच आहे. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल चांगला रुजलेला आहे, त्यातल्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत. मुलं आहेत, स्पर्धा आहेत, उत्साही क्रीडाशिक्षक आहेत. नाही ते वरच्या दर्जाचं ज्ञान: चेंडू किती टाकावेत, कोपर कसं जपावं, सतराव्या वर्षी काय शिकवावं आणि काय मुळीच शिकवू नये. हे पुस्तकातून येत नाही. ज्यानं ते भोगलं आहे त्याच्याकडूनच ते मिळतं, आणि असे दोन भारतीय आहेत.

शिवाय २००८च्या त्या स्पर्धेनं एक गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे, जिचा उपयोग कोणी केला नाही. उत्तम फेकणारे हात क्रिकेटच्या नेटमध्येच असतात असं नाही. ते जिल्हा क्रीडा संकुलात भाला फेकत असतात, आश्रमशाळेच्या मैदानावर गोळा फेकत असतात आणि बारावीनंतर खेळ सोडून पोलिस भरतीच्या रांगेत उभे राहतात. भालाफेकीत राष्ट्रीय पदकाच्या थोडं अलीकडे अडकलेल्या मुलामुलींसाठी दुसरं दार उघडायला रडार गन, चेंडूंची पोती, ग्लव्ह आणि जाणकार माणूस एवढंच लागतं. अमेरिकी मेजर लीगनं २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय थाटलं आहे. बाहेरच्यांना इथे शक्यता दिसते.

लॉस एंजेलिसला बेसबॉलचे फक्त सहा संघ असतील. भारत त्यात नसेल, आणि ते अपेक्षितही नाही. पण वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची पुढची पात्रता फेरी येईल तेव्हा भारताचं नाव त्यात असावं, एवढं उद्दिष्ट अवास्तव नाही. भारतीय बेसबॉल महासंघानं आणि महाराष्ट्राच्या क्रीडा खात्यानं त्यासाठी एक काम या वर्षीच करावं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना रीतसर मानधन देऊन बोलवावं, राज्यातल्या भालाफेकपटूंची आणि सॉफ्टबॉलपटूंची निवड चाचणी त्यांच्या देखरेखीखाली घ्यावी आणि निवडलेल्या मुलांना पुढची तीन वर्षं त्यांच्याच हाती सोपवावं.